शब्दांच्या जोड्या सांगणारे हॉर्नबी

'मेक अ मिस्टेक' की 'डू अ मिस्टेक'? इथे ग्रामर कामाला येत नाही. मराठीत आपण शपथ घेतो पण पैज लावतो, तसंच हे. सवयीनेच कळतं. पण सवयच नसेल तर?

अशांसाठी आयुष्य वेचलं अल्बर्ट सिडनी हॉर्नबी यांनी. जन्म १८९८, इंग्लंडमधलं चेस्टर. १९२४ मध्ये ते जपानला इंग्रजी शिकवायला गेले. पुढे टोकियोत हॅरल्ड पामर यांच्या संशोधनात सामील झाले. शब्दाचा नुसता अर्थ नाही, तर तो वाक्यात कसा आणि कोणाबरोबर येतो हे सांगणारा कोश त्यांनी दोन सहकाऱ्यांसह रचला.

तेवढ्यात डिसेंबर १९४१ मध्ये जपान-ब्रिटन युद्ध पेटलं आणि हॉर्नबी स्थानबद्ध झाले. तरी १९४२ मध्ये कोश टोकियोतच छापला गेला! १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डने काढला. हॉस्टेलमध्ये दिसणारी जाडजूड 'अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' ती हीच.

१९६१ मध्ये त्यांनी इंग्रजीच्या शिक्षकांसाठी ट्रस्ट काढला. १९७८ मध्ये ते गेले.

तेव्हा दोस्तहो, अर्थ बघून डिक्शनरी लगेच मिटू नका. खालचं उदाहरणही वाचा. खरी मेहनत तिथेच आहे.