वाघसिंहांचा मास्तर : दामू धोत्रे

मानसशास्त्राच्या तासाला 'अध्ययन' हे प्रकरण सुरू झाले की पाव्हलॉवचा कुत्रा आणि स्किनरचे कबूतर यांची भेट ठरलेलीच असते. परीक्षेत त्यांच्यावर पाच-दहा गुणांचा प्रश्न येतो, आपण उत्तर लिहितो आणि निकाल लागताच दोघांनाही विसरून जातो. ही तत्त्वे परदेशातल्या प्रयोगशाळांची, आपल्या मातीशी त्यांचा काय संबंध, असाही एक समज आपल्या मनात असतो. परंतु तोच पाठ एका मराठी माणसाने लोखंडी पिंजऱ्यात, बिबट्यांच्या घोळक्यात उभे राहून साऱ्या जगाला करून दाखविला. त्यांचे नाव दामू धोत्रे. पुण्याच्या जुन्या पिढीला हे नाव ठाऊक असेल. पण जळकोटसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांच्या कानावर ते क्वचितच पडते. म्हणून हा लेखनप्रपंच.

धोत्रे यांचा जन्म 1902 साली पुण्यात, एका गरीब कुटुंबात झाला. त्या काळी सर्कस ही महाराष्ट्राच्या अभिमानाची गोष्ट होती. भारतीय सर्कशीचे जनक समजले जाणारे विष्णुपंत छत्रे हे सांगलीकडचे. किआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली, ती पाहून घोड्यांच्या विद्येत तरबेज असलेल्या विष्णुपंतांनी 1880 मध्ये स्वतःची सर्कस उभी केली. पुढे म्हैसाळच्या देवलांनी, तासगावच्या परशुराम माळींनी हीच वाट धरली. कृष्णाकाठची साधी शेतकऱ्यांची पोरे देशोदेशी तंबू ठोकून आली. धोत्रे यांचे मामा तुकाराम गणपत शेलार हेही याच व्यवसायातले. शाळेत रमण्याच्या वयात, दहा वर्षांचे असताना, छोटा दामू मामांच्या तंबूत दाखल झाला.

सर्कशीत मुलाला पहिल्या दिवशी कोणी वाघापुढे उभे करीत नाही. झाडलोट, जनावरांचे खाणेपिणे, अंगमेहनतीची कसरत अशा पायऱ्या चढून माणूस पिंजऱ्यापर्यंत जातो. धोत्रेही याच मार्गाने गेले. कसरतपटू म्हणून त्यांनी अंग घडविले, पुढे इसाको यांच्या रशियन सर्कशीत काम केले, आणि हळूहळू त्यांचे लक्ष हिंस्र जनावरांकडे वळले. जनावराला रोज पाहणाऱ्याला त्याच्या कानाची हालचाल, शेपटीचा झटका, डोळ्यांतला बदल यांचा अर्थ कळू लागतो. पुस्तकातून न मिळणारी ही विद्या त्यांनी लहानपणापासून साठवली होती.

1939 च्या सुमारास ते युरोपात गेले आणि आल्फ्रेड कोर्ट या फ्रेंच शिक्षकाच्या पथकात सामील झाले. मार्सेय येथे 1883 साली जन्मलेला कोर्ट हा त्या काळातला हिंस्र पशूंचा नामांकित शिक्षक. एकमेकांचे वैरी मानले जाणारे प्राणी एकाच पिंजऱ्यात शांत बसविणे ही त्याची खासियत होती. महायुद्धाच्या वणव्यातून कोर्ट आपली जनावरे घेऊन अमेरिकेला निघून गेला आणि 1940 मध्ये रिंगलिंग ब्रदर्स या तिथल्या सर्वांत मोठ्या सर्कशीत त्याचे पथक रुजू झाले. त्यात धोत्रे होते. डोक्यावर फेटा, अंग उघडे, पोशाख हिंदुस्थानी, आणि भोवती बिबटे अशी त्यांची मूर्ती अमेरिकेतल्या लाखो प्रेक्षकांनी पाहिली. मध्यंतरी युद्धकाळात त्यांनी अमेरिकी सैन्यातही नोकरी केली. त्यानंतर ते पुन्हा पिंजऱ्याकडे परतले. कोर्ट निवृत्त झाल्यावर त्याच्या पथकाची धुरा त्यांनी वाहिली.

आता प्रश्न असा की, बिबट्यासारखे जनावर शिकते तरी कसे? सर्वसाधारण समजूत अशी की हंटर आणि भूक यांच्या जोरावर. एके काळी ही समजूत खोटी नव्हती. युरोपात पूर्वी तापलेल्या लोखंडी सळ्या आणि चाबूक यांनीच जनावर नमविले जाई. ही रीत मोडून काढण्याचे मोठे श्रेय हाम्बुर्गच्या कार्ल हागेनबेक यांना दिले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी प्रत्येक जनावराचा स्वभाव पारखून, खाऊ आणि शांतपणा यांच्या आधारे शिकविण्याची पद्धत रूढ केली. कोर्ट याच वाटेचा प्रवासी आणि धोत्रे त्याचे सहकारी.

या पद्धतीचे काम असे चालते. प्रत्येक जनावराला पिंजऱ्यात स्वतःची ठरलेली बैठक असते. काठीच्या टोकाला मांसाचा लहान तुकडा लावून जनावराला त्या बैठकीकडे वळवायचे. ते चार पावले आले तरी तुकडा द्यायचा. दुसऱ्या दिवशी आणखी दोन पावले. बैठकीवर पुढचे पाय ठेवले की पुन्हा तुकडा. असे करता करता एके दिवशी जनावर आपण होऊन वर चढते आणि माणसाकडे पाहत बसते. प्राणिशास्त्रज्ञ हेडिगर यांनी सर्कशीतल्या जनावरांचा अभ्यास करून एक गोष्ट दाखविली आहे. माणूस ठराविक अंतराच्या आत आला की जनावर मागे सरते. मागे सरायला जागा उरली नाही आणि माणूस आणखी पुढे आला, तर तेच जनावर झडप घालते. शिक्षकाची सारी कला या दोन अंतरांच्या मधल्या पट्ट्यात चालते. अर्ध्या पावलाची चूक म्हणजे जिवाशी गाठ.

इथेच मला धोत्रे यांच्या आयुष्याचा खरा अर्थ सापडतो. त्यांनी जनावरांना प्रेमाने वागविले, हे सारेच सांगतात. त्यांच्या मराठी आत्मकथनाचे नावच 'वाघ सिंह माझे सखे सोबती' असे आहे. परंतु या प्रेमाला भाबडेपणा समजणे चुकीचे ठरेल. भ्यालेले जनावर हेच पिंजऱ्यातले सर्वांत धोक्याचे जनावर असते. ज्या बिबट्याला मारून शिकविले, त्याच्याकडे पाठ फिरविण्याची हिंमत कोण करील? त्याने शिकलेले तो हंटर दिसेल तोवरच लक्षात ठेवणार. म्हणजे दया हा धोत्रे यांचा केवळ स्वभाव नव्हता. ती त्यांच्या धंद्याची शिस्त होती. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शब्दांत, राग न आणता तेच काम शंभर वेळा करायचे, ही शिस्त हंटर उगारण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे.

नवल असे की, ज्या दशकात धोत्रे अमेरिकेत तंबूतंबूतून फिरत होते, त्याच दशकात त्याच देशात मिनेसोटाच्या विद्यापीठात बी. एफ. स्किनर कबुतरांना दाण्याच्या बक्षिसावर शिकवीत होते. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मरियन ब्रेलँड यांनी ही विद्या प्रयोगशाळेबाहेर काढून पाळीव प्राण्यांना लावली. त्यांच्या लक्षात आले की बक्षीस हातातून तोंडापर्यंत पोहोचेतो उशीर होतो आणि नेमक्या कोणत्या कृतीसाठी खाऊ मिळाला हे जनावराला उमगत नाही. म्हणून कृतीच्या क्षणी एक लहानसा आवाज करायचा आणि मागोमाग खाऊ द्यायचा. पाव्हलॉवच्या प्रयोगशाळेत मेट्रोनोमची टिकटिक ऐकून कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटे. त्याच न्यायाने हा आवाजच जनावराला शाबासकीसारखा वाटू लागतो. 1951 मध्ये स्किनर यांनी एका लेखात, घरच्या कुत्र्याला मुलांच्या टिकटिक खेळण्याच्या साहाय्याने कसे शिकवावे, ते सामान्य वाचकांना समजावून दिले. 1963 पासून कॅरन प्रायर यांनी हवाई बेटांवर डॉल्फिनांना शिटीच्या इशाऱ्यावर शिकविले. डॉल्फिनला चाबूक मारता येत नाही. तो सरळ पोहून निघून जातो! पुढे 1990 नंतर कुत्र्यांसाठी हीच रीत 'क्लिकर' या नावाने जगभर पसरली.

हे सारे पिंजऱ्यापासून घराच्या ओसरीपर्यंत कसे येते, ते मी आमच्याच घरी पाहिले आहे. काकांनी उदगीरहून पॉमेरियन जातीचे एक पिल्लू आणले. घरात मतभेद सुरू झाला. पिल्लाने घरात घाण केली की वर्तमानपत्राची गुंडाळी हाणावी, असे काकांचे मत. गोऱ्हा औताला धरताना पराणी लागतेच, असा आजोबांचा दाखला. मी मात्र धोत्रे यांच्याविषयी नुकतेच वाचले होते. यात्रेत मिळतो तसा पत्र्याचा टिकटिक करणारा बेडूक मिळाला, त्यावर काम सुरू केले. पिल्लू इवलेसे, म्हणून आवाज दबण्यासाठी तो बेडूक रुमालात गुंडाळला. पहिले दोन दिवस काहीच मागायचे नाही. टिक वाजवायचे आणि उकडलेल्या कोंबडीचा हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा द्यायचा. लहान जातीच्या पिल्लाचे पोट लहान, म्हणून तुकडा लहानच हवा. मनुका, कांदा, चॉकलेट त्याला विषासारखे, ते वर्ज्य. माणूस वरून वाकला की एवढेसे जनावर दबते, म्हणून शिकविताना जमिनीवर मांडी घालून बसायचे. तुकडा नाकापासून डोक्यावर नेला की मान वर जाते आणि बूड आपोआप खाली टेकते. त्याच क्षणी टिक. एका वेळी चार-पाच मिनिटे, त्याहून जास्त नाही. आठवडाभरात ते हाताच्या इशाऱ्यावर बसू लागले. झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच अंगणात नेऊन, तिथे विधी उरकला की टिक, असे केल्याने घरातली घाणही महिनाभरात थांबली. आजोबांनी मत बदलले असे मी म्हणणार नाही; पण संध्याकाळी ओसरीवर बसून तो बेडूक आता तेच वाजवितात.

आपल्या भागात जनावराचे मोल कोणाला सांगायला नको. देवणीचे बैल आणि लाल कंधारी गाई हे आपले वैभव. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्या-गाढवांपासून उंटांपर्यंत जनावरांचा बाजार भरतो. खंडोबासोबत त्याचा कुत्रा पुजला जातो आणि वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवून घेतो. ज्या समाजाने कुत्र्याला देवाच्या पायाशी जागा दिली, त्याने दारातल्या पिल्लाला लाथ घालावी, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

धोत्रे यांच्या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रानातल्या बिबट्याने आयुष्यभर पिंजऱ्यात राहावे आणि तिकिटासाठी बैठकीवर चढावे, हे आज आपल्याला योग्य वाटत नाही. 1998 मध्ये केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांचे खेळ करण्यावर अधिसूचनेने बंदी घातली आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मला ती बंदी योग्यच वाटते. कितीही प्रेमाने शिकविले तरी पिंजरा तो पिंजराच. परंतु एखाद्या माणसाचे मोल त्याच्या काळाच्या चौकटीत ठेवून करावे लागते. आजूबाजूला चाबकाचेच राज्य असताना धोत्रे यांनी चाबूक न चालविता काम होते हे दाखविले. पिंजरा गेला, तंबू गेले. ती रीत मात्र उरली, आणि ती आता जनावराला न कोंडताही वापरता येते.

पुढे धोत्रे मायदेशी परतले. 1961 साली त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध झाले. उत्तरायुष्यात त्यांना दम्याचा विकार जडला होता. 1973 मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या शहरातून एक गरीब मुलगा मामांच्या तंबूमागे निघून गेला होता, त्याच शहरात जग पाहून आलेला तो मास्तर विसावला.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील. डी.एड., बी.एड.ची वाट आमच्या भागात अजूनही सर्वांत रुळलेली आहे. वर्गात उभे राहिल्यावर पहिल्याच दिवशी हात छडीकडे जाईल, कारण आपणही बहुधा छडीखालीच शिकलो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. पण कायदा हात अडवितो, हातापुढे दुसरे काय धरावे ते सांगत नाही. ते धोत्रे यांच्या चरित्रातून शिकता येते. मूल चुकले तेव्हा नव्हे, तर बरोबर आले त्या क्षणी आपले लक्ष तिथे असले पाहिजे. पुढची पायरी एवढी लहान हवी की ती त्याला चढता यावी. आणि रोज तेच करण्याचा कंटाळा मास्तराला येता कामा नये. बिबट्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला हे जमले. आपल्यासमोर तर फक्त पहिलीची पोरे असणार आहेत.