मादाम कामा आणि त्यांचा ध्वज



पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात तुम्ही रांगेने उभे राहता. तिरंगा फडकतो आणि तुमचे हात सलामीसाठी वर जातात. उर्दूत आपण ज्याला परचम म्हणतो, त्यालाच मराठीत ध्वज किंवा झेंडा म्हणतात. आज या ध्वजासमोर उभे राहणे किती सोपे आहे! पण एके काळी आपला देश गुलाम होता. अशा काळात परदेशातील भरसभेत हिंदुस्थानचा ध्वज फडकवणाऱ्या एका धीट स्त्रीची ही कहाणी आहे. त्यांचे नाव भिकाईजी कामा. लोक त्यांना मादाम कामा म्हणत.

भिकाईजींचा जन्म २४ सप्टेंबर १८६१ रोजी मुंबईत एका श्रीमंत पारशी घराण्यात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव सोराबजी पटेल. घरात कशाचीही उणीव नव्हती. १८८५ साली रुस्तुम कामा या वकिलांशी त्यांचा विवाह झाला. रुस्तुमजींना इंग्रजांचे राज्य हिताचे वाटे. भिकाईजींना मात्र देशाची गुलामी सहन होत नसे. त्यामुळे दोघांचे पटेना.

१८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. माणसे पटापट मरू लागली. लोक शहर सोडून पळू लागले. भिकाईजी पळाल्या नाहीत. त्यांनी रोग्यांची सेवा सुरू केली. सेवा करता करता त्यांनाही प्लेग झाला. त्यातून त्या वाचल्या. पण त्यांची प्रकृती कायमची खालावली. उपचारासाठी १९०२ साली त्या लंडनला गेल्या.

तेथे त्यांची दादाभाई नौरोजी व श्यामजी कृष्णवर्मा यांच्याशी ओळख झाली आणि त्या स्वातंत्र्याच्या कार्यात ओढल्या गेल्या. मायदेशी परतायचे असेल तर हे कार्य सोडल्याचे लिहून द्या, अशी अट सरकारने घातली. भिकाईजींनी ती धुडकावली. पुढे त्या पॅरिसला राहू लागल्या.

२२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट शहरात समाजवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. निरनिराळ्या देशांचे शेकडो प्रतिनिधी आले होते. साडी नेसलेल्या मादाम कामा व्यासपीठावर उभ्या राहिल्या. हिंदुस्थानातील गरिबी आणि जुलूम यांची हकिकत त्यांनी सांगितली. मग त्यांनी आपला ध्वज उलगडला. वर हिरवा, मध्ये पिवळसर केशरी आणि खाली तांबडा असे तीन पट्टे त्यावर होते. हिरव्या पट्ट्यावर आठ कमळे होती, मधल्या पट्ट्यावर देवनागरी अक्षरे होती आणि तांबड्या पट्ट्यावर सूर्य व चंद्रकोर होती. हा स्वतंत्र हिंदुस्थानचा ध्वज आहे, उभे राहून त्याला वंदन करा, अशी विनंती त्यांनी सभेला केली. सभा उठून उभी राहिली.

विचार करा, मुलांनो! त्या ध्वजामागे ना फौज होती, ना सत्ता. तरीही परक्या माणसांनी त्याचा मान राखला.

या देशप्रेमाची किंमत मादाम कामांना मोजावी लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्सच्या सरकारने त्यांना नजरकैदेत ठेवले. म्हातारपणी त्यांना अर्धांगवायू झाला. अखेर सरकारची अट मान्य करून १९३५ साली त्या मुंबईला परतल्या. मायदेश सोडून तेहेतीस वर्षे झाली होती! १३ ऑगस्ट १९३६ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. त्यानंतर अकरा वर्षांनी देश स्वतंत्र झाला. तो दिवस त्यांना पाहता आला नाही.

त्यांचा ध्वज इंदुलाल याज्ञिक यांनी गुपचूप भारतात आणला. पुण्याच्या केसरी-मराठा ग्रंथालयात तो जतन केलेला आहे.

आपला आजचा तिरंगा २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने स्वीकारला. त्याचा मान कसा राखावा, याचे नियम २००२ च्या ध्वजसंहितेत दिले आहेत. केशरी पट्टा नेहमी वर असावा. ध्वज झपकन चढवावा आणि सावकाश, अदबीने उतरवावा. तो जमिनीला किंवा पाण्याला लागू देऊ नये. त्यावर काही लिहू नये. फाटलेला वा मळलेला ध्वज लावू नये. दुसरा कोणताही झेंडा त्याच्याहून उंच लावू नये. जीर्ण झालेला ध्वज कचऱ्यात न टाकता, एकांतात, शक्यतो जाळून, आदराने नष्ट करावा.

कागदी झेंड्यांनाही हाच मान आहे. समारंभ संपला की किती तरी कागदी झेंडे मैदानात, रस्त्यावर, पायांखाली पडलेले दिसतात. ते कोणी टाकले, हे विचारत बसू नका. वाका आणि उचला. ज्या ध्वजासाठी एका आजारी स्त्रीने आपले घरदार सोडले, त्यासाठी आपण एवढे तरी नक्कीच करू शकतो. कराल ना?