खाडी पोहणारा कॅप्टन वेब

इंग्लंड आणि फ्रान्स हे दोन शेजारी देश. मधे इंग्लिश खाडी. डोव्हर आणि कॅले या गावांजवळ ती सर्वात अरुंद, सुमारे ३३ किलोमीटर. पण पाणी गार, भरती-ओहोटीची ओढ जबर आणि जहाजांची वर्दळ. ही खाडी कोणत्याही साधनाशिवाय पहिल्यांदा पोहून गेला तो कॅप्टन मॅथ्यू वेब. आपल्या मुलाबाळांना त्याची हकीकत माहीत असावी म्हणून हा लेखप्रपंच.

वेबचा जन्म १९ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडातल्या डॉली गावी झाला. बाप डॉक्टर, घरात पोरंबाळं भरपूर. सेव्हर्न नदीत तो पोहायला शिकला. लहान वयातच जहाजाच्या नोकरीत गेला. १८७३ साली 'रशिया' जहाजावरून एक खलाशी भर अटलांटिक समुद्रात पडला. वेबने मागचा-पुढचा विचार न करता उडी घेतली. तो खलाशी काही सापडला नाही, पण वेबच्या धाडसाची दखल घेऊन त्याला पदक मिळालं.

पुढे तो जहाजाचा कप्तान झाला. जॉन्सन नावाच्या पोहणाऱ्याचा खाडी पार करण्याचा प्रयत्न फसल्याची बातमी त्याने वाचली आणि मनाने घेतलं, हे आपण करायचं. हातची नोकरी सोडून तो सरावाला लागला.

१२ ऑगस्ट १८७५ ला तो पहिल्यांदा पाण्यात उतरला. वारा आणि लाटा वाढल्या, तेव्हा माघारी फिरला. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. २४ ऑगस्टला दुपारी एकच्या सुमारास अंगाला चरबीचं तेल चोळून त्याने डोव्हरच्या धक्क्यावरून पुन्हा उडी घेतली. सोबत होड्या होत्या, त्यांतून कॉफी, ब्रँडी मिळायची. वाटेत जेलीफिशने डंख मारला. फ्रान्सचा किनारा समोर दिसत असताना ओढीने त्याला पाचेक तास अडवून धरलं. सरळ जाता येईना, म्हणून नागमोडी पोहत अंतर साठ किलोमीटरच्या वर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॅलेजवळ किनाऱ्याला लागला. लागले २१ तास ४५ मिनिटं. आम्हा गिरणीवाल्यांच्या हिशेबाने जवळजवळ तीन पाळ्या, आणि क्षणभर टेकायला जागा नाही!

देशभर जयजयकार झाला. काड्यापेटीवरसुद्धा त्याचं चित्र छापलं गेलं. पण टाळ्यांनी चूल पेटत नाही. पुढे लग्न झालं, दोन मुलं झाली. पोटासाठी तो शर्यती पोहू लागला. १८८० साली लोकांना दाखवायला एका टाकीत ६० तास तरंगत राहिला. शरीर खचत गेलं. शेवटी पैशाच्या आशेने अमेरिकेत नायगारा धबधब्याखालच्या भोवऱ्यांत पोहून दाखवायचं त्याने ठरवलं. २४ जुलै १८८३ ला उडी घेतली, ती शेवटचीच. वय अवघं ३५.

खाडी त्याने नुसत्या ताकदीने जिंकली नव्हती. पाणी ओळखून, वेळ पाहून, एकदा मागे फिरून जिंकली होती. नायगाराला मागे फिरायची सोय नव्हती, अन् घरच्या गरजेने थांबूही दिलं नाही.

त्याच्यानंतर दुसरा माणूस ही खाडी पार करायला १९११ साल उजाडलं. १९५८ साली आपले मिहिर सेन आणि १९५९ साली आरती साहा यांनीही ती पार केली. पोरांनो, वेबची जिद्द जरूर घ्या. आणि मोठ्यांनो, ज्याच्या कष्टाला आपण टाळ्या वाजवतो, त्याच्या घरी चूल पेटते का, हेही पाहत जा.