दादोबा पांडुरंग आणि इंग्रजी वाक्याची भीति

नांदेड-लातूरकडील पुष्कळ मुलांस इंग्रजी शब्द पाठ असतात; परंतु वाक्य जुळवितांना त्यांची मति कुंठित होते. ह्या दुखण्यावरील औषध दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या चरित्रांत आहे.

दादोबांचा जन्म १८१४ सालीं मुंबईस झाला. इंग्रजी विद्येनें ते दिपून गेले नाहींत. तिच्या व्याकरणाची रीत उचलून त्यांनीं १८३६ सालीं, ऐन बाविशींत, मराठीचें व्याकरण छापिलें. लोकांनीं त्यांस मराठीचे पाणिनि म्हटलें. जातिभेद मोडूं पाहणाऱ्या परमहंस सभेचेही ते धुरीण होते. १८८२ सालीं ते वारले.

त्यांच्या उद्योगाचें मर्म हें, कीं दोन भाषा शेजारीं ठेविल्या म्हणजे दोहोंचे नियम उजळतात. ‘वाघानें माणसास मारिलें’ ह्यांतील पदें मागेंपुढें केलीं, तरी अर्थ ढळत नाहीं. कारण कर्ता कोण तें प्रत्यय सांगतो. इंग्रजी नामांस असे प्रत्यय नाहींत. तेथें जागाच प्रत्ययाचें काम करिते. कर्ता आधीं, क्रियापद मध्यें, कर्म शेवटीं. जागा बदलली, कीं माणूसच वाघाचा मारेकरी ठरतो!

निजामी अमलांत, १९४८ पर्यंत, आमच्या शाळांत मराठीची उपेक्षा झाली. आतां ती सबब उरली नाहीं. व्यापारी बंधूंनो, मुलाच्या इंग्रजी शिकवणीवर पैसा ओतण्यापूर्वीं त्यास मराठी व्याकरण येतें काय, हें विचारा. घरची खतावणी ज्यास वाचतां येत नाहीं, त्यास परक्या पेढीची काय उमगणार?