जुबिलीच्या पाठीवर लिस हार्टेल

गोंदियात घोडा दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत. हाच प्राणी अपंग व्यक्तीचा तोल आणि आत्मविश्वास सावरायला मदत करू शकतो, हे जगाला पटवून दिले डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी.

त्यांचा जन्म १४ मार्च १९२१ चा. लहानपणापासून घोड्यांचा नाद. ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून शिस्तबद्ध, तालबद्ध हालचाली करून घेण्याचा क्रीडाप्रकार, हे त्यांचे क्षेत्र. १९४३ आणि १९४४ मध्ये त्या देशाच्या विजेत्या ठरल्या. मात्र सप्टेंबर १९४४ मध्ये, अवघ्या २३ व्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला. तेव्हा त्या गरोदर होत्या. हातापायांतले बळ गेले. मुलगी सुखरूप जन्मली. आईला मात्र हात उचलण्यापासून पुन्हा शिकावे लागले. आधी रांगणे, मग कुबड्या. गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे राहिले.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील स्नायू हलवणाऱ्या पेशींवर घाला घालतो; स्पर्शाची जाणीव सहसा शाबूत राहते. लिस यांना घोड्याची प्रत्येक हालचाल जाणवत होती. अडचण होती ती इशारा देण्याची, कारण स्वार घोड्याला पोटरीने आणि टाचेने सांगतो. लिस यांनी इशाऱ्यांची भाषाच बदलली. मांड्या, पाठ आणि शरीराचा भार किंचित इकडेतिकडे करून त्या जुबिली या घोडीला सांगू लागल्या आणि जुबिली ते शिकली.

१९५२ पर्यंत ऑलिम्पिकमधील ड्रेसाज फक्त लष्करी अधिकाऱ्यांसाठी होते. त्या वर्षी हेलसिंकीत ते स्त्रियांनाही खुले झाले. घोडीवर चढायला-उतरायला मदत लागणाऱ्या लिस यांनी तिथे पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धेत उतरून रौप्यपदक जिंकले. सुवर्णविजेते हेन्री सेंट सीर यांनी त्यांना आधार देऊन विजयमंचावर चढवले. १९५६ मध्ये स्टॉकहोमला त्यांनी पुन्हा रौप्य मिळवले.

या यशाने युरोपातील फिजिओथेरपिस्टांचे लक्ष घोड्याकडे वळले. घोडा चालताना त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि बाजूला हलते. त्यामुळे स्वाराची कंबर जवळपास माणूस चालताना हलते तशीच हलते. तोल सांभाळताना पाठीचे आणि पोटाचे स्नायू काम करतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना बसण्याचा तोल सुधारण्यासाठी याचा उपयोग होऊ शकतो. मूळ आजार मात्र याने बरा होत नाही.

लिस यांनी केलेला बदल आज प्रत्येक धड्याचा पाया आहे. चढण्यासाठी उतार किंवा उंच ओटा, पकड कमजोर असेल तर कड्या असलेला लगाम, धरायला मूठ असलेला पट्टा, घोड्याला धरणारा एक माणूस आणि गरजेनुसार दोन्ही बाजूंनी चालणारे मदतनीस. घोडा शांत स्वभावाचा हवा, डोक्यावर हेल्मेट हवेच. निखळलेला खुबा, ठिसूळ हाडे, आटोक्यात नसलेली फिट किंवा डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे मणके सैल असल्यास घोड्यावर बसणे धोक्याचे ठरते.

म्हणूनच वरातीच्या घोड्यावर मुलाला बसवले, की उपचार झाला असे नाही. आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. घोडा उपलब्ध नसेल तर मोठ्या व्यायामाच्या चेंडूवर बसवून तोलाचा सराव त्यांच्या देखरेखीखाली करता येतो.

२०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, पण लहानपणी पोलिओ झालेली माणसे आजही गावोगावी आहेत. १२ फेब्रुवारी २००९ रोजी लिस हार्टेल यांचे निधन झाले. त्याआधी, १९९६ मध्ये, अपंग स्वारांचे ड्रेसाज पॅरालिम्पिकमध्ये आले होते. काय गेले याऐवजी काय उरले यापासून सुरुवात करायची, हा त्यांचा धडा घोड्यावर न बसणाऱ्यांनाही लागू पडतो.