बाळू पालवणकर : चेंडू चालला, माणूस चालला नाही

क्रिकेटमध्ये आज कोट्यवधींची उलाढाल होते. परंतु खेळून पैसा घेणे कमीपणाचे मानले जात होते, त्या काळात मैदानावर राबून पोट भरणारा आणि तरीही देशातला पहिल्या प्रतीचा गोलंदाज ठरलेला माणूस अस्पृश्य होता, हे आपल्याच किती तरुणांना ठाऊक आहे? ठाणे-कल्याणच्या वस्त्यांत टेनिस बॉलचे सामने रात्र-रात्र चालतात, पण तिथे बाळू पालवणकरांचे नाव क्वचितच ऐकू येते.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला, चर्मकार समाजात झाला. मूळ गाव रत्नागिरीकडील पालवण. वडील सैन्यात असल्याने कुटुंब पुण्यात आले. १८९२ च्या सुमारास बाळू पारशांच्या क्लबात महिना ३ रुपयांवर लागले. मैदान झाडायचे, रोलर फिरवायचा, जमल्यास चेंडू टाकायचा. योगायोग असा की, अमेरिकन फुटबॉलमध्ये पैसे घेऊन खेळणारा पहिला खेळाडू म्हणून ज्याची नोंद आहे, त्या हेफेलफिंगरला त्याच १८९२ साली एका सामन्याचे ५०० डॉलर मिळाले होते. तो येल विद्यापीठाचा नामांकित खेळाडू. आमच्या माणसाच्या हाती मात्र झाडू.

पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात पगार ४ रुपये झाला. तिथे कॅप्टन ग्रेग यांना बाळू तासन्‌तास गोलंदाजी करीत. फलंदाजीची संधी त्यांना कधीच मिळाली नाही. बॅट साहेबाची, चेंडू नोकराचा! हीच तर वर्णव्यवस्था. फक्त इथे ती इंग्रजांनी चालवली, एवढेच.

या सरावातून तयार झालेली डावखुरी फिरकी पुण्याच्या हिंदू क्लबाला हवी होती. बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. शेवटी घेतले, कारण जिंकायचे होते. मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडू बिनदिक्कत झेलत, पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. विटाळ हा धर्माचा विषय नसून सोयीचा विषय होता, याला आणखी कोणता पुरावा हवा?

प्लेगच्या काळात ते मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. तरुण बाबासाहेबांनाही त्यांचा अभिमान वाटत असे.

तरी कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० साली तर त्यांना आधी संघातूनच वगळले. कर्णधार पै आजारी असताना विठ्ठल पालवणकरांना डावलून देवधरांकडे नेतृत्व दिले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम दोघांनीही संघ सोडला. या बहिष्काराची दखल घ्यावी लागली. पुढच्या सामन्यात बाळू उपकर्णधार झाले आणि पै मैदानाबाहेर असताना काही काळ संघ त्यांच्या हाती आला. विठ्ठल १९२३ साली कर्णधार झाले. अमेरिकेत १९२१ साली फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू व्यावसायिक संघाचा प्रशिक्षक झाला होता. मात्र १९३४ ते १९४६ पर्यंत तिथल्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. मिळालेली जागा टिकतेच असे नाही.

आता चळवळीला बोचणारा भाग. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरोधी बाजूला होते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ साली काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. ज्यांनी आयुष्यभर कर्णधारपद नाकारले, त्यांच्याच वर्गाला बाळूंचे नाव तेव्हा उपयोगी पडले, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून त्यांना आपल्या इतिहासातून काढून टाकायचे का? वकील म्हणून मी एवढेच सांगेन, की एका खटल्यातील निकाल दुसऱ्या खटल्याला लावता येत नाही. १९३७ ची चूक चूकच आहे. पण मातीच्या भांड्यातील चहा पिऊन घेतलेले बळीही खरेच आहेत.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी त्यांच्या नावावर आहेत.