राजा गेला, खेळ थांबला नाही : सांगलीच्या विष्णुदास भाव्यांची नाटक मंडळी

सांगली : दरवर्षी ५ नोव्हेंबर आला की मराठी रंगभूमी दिन म्हणून सांगलीचं नाव महाराष्ट्रभर घेतलं जातं. १८४३ साली याच तारखेला सांगलीच्या राजवाड्यात 'सीता स्वयंवर'चा खेळ झाला आणि मराठी नाटकाची सुरुवात तिथून धरली जाते. एवढं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पण तो खेळ उभा करणाऱ्या माणसाचं पुढं काय झालं, मंडळी कशी चालली, पैसा कुठून आला, हे फारसं कोणी सांगत नाही.

विष्णु अमृत भावे हे त्यांचं पूर्ण नाव. वडील सांगली संस्थानच्या चाकरीत होते. विष्णूला लहानपणापासून पदं रचायचा नाद, आणि हातही कलाकुसरीचा. लाकडाच्या हलत्या बाहुल्या करण्यात त्याचं डोकं चालायचं. अशा पोराला घरचे काय म्हणत असतील ते कुठल्याही गावात कळण्यासारखं आहे.

१८४२ मध्ये कर्नाटकातल्या कारकीकडची भागवत मंडळी सांगलीला आली. त्यांचे खेळ संस्थानचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी बघितले. खेळ कानडी वळणाचे, नाच आणि आरडाओरडा भरपूर. असंच काही आपल्या भाषेत, जरा नीटनेटकं व्हावं असं आप्पासाहेबांच्या मनात आलं आणि काम पडलं विष्णूच्या गळ्यात. तेव्हा त्याचं वय जेमतेम चोवीस-पंचवीस.

हाताशी नट नाहीत, लिहिलेलं नाटक नाही, नाटकगृह तर नाहीच. नट म्हणून गावातलीच पोरं धरायची होती. आजही जत्रेच्या नाटकाला तालमीला पोरं गोळा करताना नाकी नऊ येतात. तिथं तर नाटकात तोंड रंगवणं म्हणजे घराण्याला बट्टा लावणं अशी समजूत. त्यात बाईचं काम पुरुषानं लुगडं नेसून करायचं. ज्या घरातली पोरं यात आली त्यांच्याकडं समाज वाकड्या नजरेनं बघू लागला. आप्पासाहेब पाठीशी उभे राहिले म्हणून मंडळी टिकली. राजाचाच हुकूम म्हटल्यावर उघड बोलायची कोणाची छाती?

जागा राजवाड्यातलीच. खेळाची पद्धत आजच्यापेक्षा अगदी वेगळी होती. सूत्रधार सुरुवातीपासून शेवटपर्यंत रंगावर उभा असायचा. मंगलाचरण झालं की विदूषक यायचा, दोघांची थट्टामस्करी व्हायची. मग गणपती यायचा, मोरावर बसल्यागत नाचत सरस्वती यायची आणि त्यानंतर खरं कथानक. पदं भाव्यांनी रचलेली, ती सूत्रधारानं आणि साथीदारांनी म्हणायची. नटांची भाषणं मात्र लिहिलेली नसत. पदाचा अर्थ धरून ज्यानं त्यानं ऐनवेळी बोलायचं. राक्षस आला की अशी आरोळी ठोकायचा की पुढं बसलेली पोरं दचकावीत. कोणाला हे ओबडधोबड वाटेल. पण दशावतार किंवा सोंगी भारूड बघितलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. भाव्यांनी वेगळं केलं ते हे, की सगळं एका हाताखाली, एका शिस्तीत आणि मराठीत आणलं.

'सीता स्वयंवर' रंगलं. आप्पासाहेब खूष झाले आणि रामायणातल्या कथांवर आणखी नाटकं बसवली गेली. सात-आठ वर्षं बरी गेली. खर्च संस्थानचा, प्रेक्षक दरबारचे, तिकिटाचा प्रश्नच नव्हता.

१८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि सगळं बदललं. गादीचा वारस लहान होता. कारभार ज्यांच्या हाती गेला त्यांना नाटकाचं सोयरसुतक नव्हतं. आप्पासाहेबांनी दिलेली आश्वासनं त्यांच्याबरोबरच गेली. भाव्यांच्या डोक्यावर कर्ज होतं. नटांचं पोट होतं, पोशाख होते, सामान होतं. राजाश्रयाचा हा धोका असतोच. देणारा हात एकच असला आणि तो गेला की सगळं एका दिवसात उघड्यावर येतं. आपल्याकडच्या कित्येक मंडळांचं एखादा पुढारी पाठीशी आहे तोवरच चालतं, तसंच हे.

इथं दुसरा कोणी असता तर त्यानं मंडळी मोडून घर गाठलं असतं. भाव्यांनी परगावी खेळ करून कर्ज फेडायचं ठरवलं. रेल्वे नव्हती. माणसं आणि सामान घेऊन मंडळी निघाली, पुणे करत मुंबईला पोचली. मुंबईत आधी खेळ झाले ते गिरगावातल्या एका वाड्यात. नंतर नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या मोठ्या माणसांचा हात मिळाला आणि १८५३ मध्ये ग्रँट रोडवरच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ झाले. त्या जागी तोवर इंग्रजांची नाटकं व्हायची. खरं नाटकगृह, बसायला आसनं, दारात तिकीट. राजवाड्यातल्या मंडळीला हे सगळंच नवं होतं. राजाच्या मर्जीवर चालणारं नाटक इथून बघणाऱ्याच्या पैशावर चालायला लागलं, आणि आपल्या मते ५ नोव्हेंबरइतकीच ही गोष्टही मोठी आहे. पुढं भाव्यांनी मुंबईत 'राजा गोपीचंद' हे नाटक हिंदीतूनही केलं.

सांगलीकरांचं बघून गावोगावी मंडळ्या उभ्या राहिल्या. इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर, पुणेकर अशी गावाचीच नावं घेऊन त्या फिरू लागल्या. म्हणजे भाव्यांना स्पर्धा तयार झाली ती त्यांच्याच कामातून. दहाएक वर्षं दौरे करून १८६२ च्या सुमारास ते यातून बाजूला झाले. एवढी माणसं सांभाळत, मुक्काम हलवत वर्षानुवर्षं फिरणं सोपं नसतं.

त्यानंतर भावे जवळजवळ चाळीस वर्षं जगले. या काळात त्यांच्या डोळ्यांदेखत मराठी नाटक कुठल्या कुठं गेलं. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात आलं, नटच गाऊ लागले, भाषणं लिहून येऊ लागली. सूत्रधारानं सगळं म्हणायची भाव्यांची पद्धत मागं पडली. १८८५ मध्ये भाव्यांनी आपली पदं 'नाट्यकवितासंग्रह' म्हणून छापून काढली. ती छापली नसती तर आज त्यातलं फारसं काही हाती लागलं नसतं.

९ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचं निधन झालं. सांगलीत आज त्यांच्या नावाचं नाट्यमंदिर आहे. त्यांच्या नावाचं गौरवपदकही सांगलीतूनच दिलं जातं आणि त्याचे पहिले मानकरी बालगंधर्व. त्यांनी केलेल्या लाकडी बाहुल्याही टिकल्या. बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा हलत्या केल्या आणि लोकांपुढं आणल्या.